पिवळ्या खात्याचा धोबी

त्या माणसाची आठवण आली की मला आजही पहिल्यांदा राग येतो. त्याचा नाही. त्याचाही येतो, पण तो नंतर, हात धुऊन जेवायला बसलो की. पहिला राग येतो मोठ्या साहेबांचा, मग साहेबांच्या साडूचा, मग दर रविवारी पेणला येऊन देवाचा पत्ता सांगणाऱ्या त्या पाळकाचा, आणि शेवटी आम्हा सगळ्या कामगारांचा. एवढे राग एकाच दारातून आत घुसत असल्यामुळे गोष्ट नीट रांगेत सांगता येत नाही. जशी येईल तशी घ्या.

आम्ही त्याला ‘बंधू’ म्हणायचो, कारण तो सगळ्या जगाला बंधू म्हणायचा. प्रेमाने नव्हे, शिवी म्हणून. तो नगरकडचा ख्रिस्ती. आज्यापासून घरात प्रार्थना, सकाळ-संध्याकाळ शास्त्रवाचन, आणि शिवी दिली तर जेवण बंद, अशा शिस्तीत वाढलेला. आता रोह्याच्या केमिकल कंपनीत शिवी न देता सुपरवायझरकी करायची म्हणजे कोलाडच्या घाटातून ब्रेक नसलेला ट्रक उतरवायचा. मग त्याने काय केलं, तर पोटातला सगळा जाळ त्या एका पवित्र शब्दात ठासून भरला. ‘बंधू!’ अशी आरोळी ड्रायरपाशी उठली की इकडे माझ्या हातातला पाना पडायचा, गेटवरचा वॉचमन उगाचच सलाम ठोकायचा आणि वडखळच्या नाक्यावर अलिबागला वळणाऱ्या गाड्या पेणकडे वळायच्या. आई-बहिणीवरून दिलेल्या शिव्या आम्ही हसून झेलत होतो. पण बंधूचं ‘बंधू’ ऐकून मोठमोठे फिटर मुतारीत जाऊन डोळे पुसून यायचे.

कंपनी रंगाची होती. लाल खातं, निळं खातं, पिवळं खातं. मी पिवळ्यात. पेणच्या खाडीकडच्या आमच्या गावातून मी पहाटे निघायचो, पेणला कंपनीची बस धरायचो आणि वडखळ, नागोठणं करत रोह्याला उतरायचो. संध्याकाळी परत जाताना बस बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, रंगपंचमीची वरात चाललीय. निळ्या खात्यातला माणूस शेजारी बसला की तुमची अर्धी बाजू निळी. आमच्या आळीत एक पांढरं कुत्रं माझ्या पायाशी लोळायचं, ते दिवाळीपर्यंत एवढं पिवळं झालं की कातकरवाडीतली माणसं त्याला वाघ समजून वाट सोडायची. यातलं कुत्र्याचं थोडं वाढवून सांगितलंय. बाकीचं नाही.

बंधू आमच्या पिवळ्या खात्याचा सुपरवायझर. बी.एस्सी. झालेला, ताडासारखा उंच, आणि हाताचे पंजे असे की टोपलीऐवजी वापरावेत. दर बॅच चालू करण्याआधी तो रिॲक्टरवर एक पंजा ठेवायचा, डोळे मिटायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात प्रार्थना करायचा. “प्रभो, हे मशीन तुझं. हा व्हॉल्व्ह तुझा. हा समोर उभा असलेला, अक्कल गहाण टाकलेला बंधूपण तुझाच. तिघांना सांभाळ. व्हॉल्व्ह जरा जुना झालाय. आमेन.” अशी जाहीर बदनामी थेट वरपर्यंत पोचवली जात असल्यामुळे आमच्या खात्यात चुका कमी व्हायच्या. झाडू मारताना कोपरा सोडला तर तो झाडू हिसकावून घ्यायचा. “देव इथं येत नाही असं वाटतं काय तुला? येतो. गमबूट घालून येतो. पहिला कोपरा बघतो.”

त्याचं म्हणणं एकच होतं, आणि ते तो बसमध्ये, कॅंटीनमध्ये, संडासाच्या रांगेतसुद्धा सांगायचा. त्याला तो ‘पाचारण’ म्हणायचा. म्हणजे देव माणसाला नाव घेऊन हाक मारतो आणि एका कामाला लावतो. “अन् ते काम देवळातच असतं असं कुणी सांगितलं? प्रभूनं जन्माचा मोठा भाग रंधा मारला. त्याची खुर्ची लचकत असती तर लोकांनी त्याचं प्रवचन ऐकलं असतं का?”

मी म्हणायचो, “बंधू, तुम्हाला हाक कधी आली?”

“आलीय. काय काम ते नीट ऐकू आलं नाही. इथं कंप्रेसरचा आवाज फार आहे.”

हे तो गमतीने बोलत नसे. खरंच वाट बघत होता.

नाताळच्या आसपासच्या एका रविवारी त्याने मला केकचं आमिष दाखवून पेणला उपासनेला नेलं. पिठाच्या गिरणीवरची एक भाड्याची खोली. दोन केरळी नर्सा, एक मद्रासकडचा वेल्डर, नगरकडची तीन-चार कुटुंबं, आणि खालून गिरणीचा पट्टा थडथड करत असलेला. मुंबईकडून येणारे पाळक उभे राहिले. माणूस गोरागोमटा, आवाज तुपातला, बूट असे चकचकीत की त्यात त्यांना स्वतःचं स्वर्गातलं आसन दिसत असावं. ते म्हणाले, “ज्याला देवाचं पाचारण आहे त्यानं जगाची मळकी कामं सोडून देवाच्या सेवेत यावं.” आणि सरळ बंधूकडे बघितलं. बंधू शिकलेला, आवाजाचा, एकटा जीव. त्याला प्रचारक करायचा त्यांचा जुना बेत होता.

बंधू उठला. गिरणी थांबली, असं मला तरी वाटलं.

“पाळकसाहेब, हे खालचं पीठ कुणी दळायचं?”

“बंधू, बसा. मी आत्म्याच्या कामाविषयी बोलतोय.”

“मी पण. तुम्ही इथं वाटता त्या प्रभुभोजनाची भाकर कुठल्या पिठाची आहे? सोमवार ते शनिवार देव काय सुट्टीवर असतो?”

“काम पोटासाठी असतं, भाई. सेवा देवासाठी असते.”

“बंधू!” हा शब्द त्या खोलीत सगळे जण एकमेकांना लावत होते, पण बंधूने तो ज्या सुरात लावला त्याने एक नर्स खुर्चीवरून अर्धी उठली. “पोट कुणी दिलं?”

केक मिळाला नाही. जिना तो प्रत्येक पायरी आपटत उतरला. केकच्या बदल्यात मी त्याला आमच्या घरी जेवायला नेलं. आणि तिथून ही सगळी कटकट सुरू झाली.

बायको ताट घेऊन बाहेर आली. बंधूने तिच्या हातांकडे बघितलं आणि त्या रागातही हसला. “घरात लग्न आहे का रे? भगिनींचे हात मनगटापर्यंत हळदीचे.”

माझी आई ओट्यावरून म्हणाली, “आमच्या आळीत बारा महिने लगीनच असतंय, बंधू. कंपनीवाल्यांच्या बायका बगा, समद्या नवऱ्याच. पण ही हळद नाय. हिला कावीळ हाय. चार महिने झाले, उतरंनाच.”

बायको म्हणाली, “लगीन झालं तवा बी एवढी पिवळी नव्हते मी.” आणि आमच्या पोरीला मांडीवर घेऊन बसली. पोरगी दात येण्याच्या वयाची. तिने आईचं बोट धरलं आणि तोंडात घातलं. चोखून सोडलं तेव्हा तिचे ओठ पिवळे होते.

बंधूचा घास हातात राहिला.

“कपडे कोण धुतं याचे?” त्याने माझ्याकडे बोट करून विचारलं.

“कोन धुनार? मीच,” बायको म्हणाली. “दोन पाण्यांनी धुते, तिसऱ्या पाण्यात पोरीची दुपटी घालते. कितीबी धुवा, रंग सुटतोच.”

घास ताटात परत ठेवून त्याने न ओरडता हात धुतला. हे भयंकर होतं. त्या दिवशी दुपारी बायकोला गागोद्याच्या बाजूला एका म्हाताऱ्या वैद्याकडे न्यायचं होतं, कावीळ उतरवायला. बंधू न विचारता आमच्याबरोबर निघाला.

कावीळ उतरवणं ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगतो. परातीत चुन्याचं पाणी करतात. रोग्याचे हात त्यात धुतात, वैद्य तोंडाने काहीतरी पुटपुटतो आणि पाणी पिवळं होत जातं. ते पिवळं म्हणजे अंगातली कावीळ. दर खेपेला कमी कमी पिवळं होतं आणि एक दिवस पाणी स्वच्छ राहिलं की माणूस बरा. आमच्या बायकोचं पाणी दर खेपेला जास्त पिवळं होत होतं.

म्हातारा काही लबाड नव्हता. त्याने आधी तिचे हात उन्हात धरून बघितले. “हळद लावून आलीस का गो? नाय ना? हळद असती तं चुन्यात कुंकू झालं असतं, पानी तांबडं झालं असतं. हे पिवळं ऱ्हातंय, म्हंजी कावीळच.” आणि हात परातीत घातले. पाणी असं पिवळं झालं की परातीतून ऊन वर आल्यासारखं वाटलं. “बग कशी निघतेय!”

बंधूने खिशातून स्वतःचा रुमाल काढला आणि परातीत टाकला. पिवळ्या खात्यात घाम पुसून पुसून पिवळा झालेला रुमाल. पाण्यात पिवळे ढग सुटले.

“बाबा,” तो म्हणाला, “माझ्या रुमालाला पण कावीळ आहे का?”

म्हातारा रुमालाकडे बघत राहिला. मग पाण्याकडे. मग त्याने परात उचलली आणि अंगणात फेकून दिली. “माज्याकडं येतात त्या समद्या कंपनीवाल्यांच्याच बायका! मला वाटलं, गावात कावीळ माजली. मी काय तुमच्या कंपनीचा रंग धुतोय व्हय रं इतकं दिवस?”

“तुम्ही नाही, बाबा,” बंधू म्हणाला. “या धुतायत.”

परतताना तो पेणच्या एस.टी. स्टॅंडपर्यंत आमच्याबरोबर आला. स्टॅंडवर रोह्याची गाडी लागली होती. त्याने दांडा धरला, एक पाय आत टाकला आणि वळून मला म्हणाला, “हाक ऐकू आली.” गाडी निघाली. मला वाटलं, उपाशी राहिल्यामुळे असेल.

दुसऱ्या दिवशी तो मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये होता आणि आम्ही सगळे केबिनच्या भिंतीला चिकटून. खरं तर तीन खाती सोडून पलीकडूनही ऐकू आलं असतं.

“साहेब, एकही कपडा घरी जाता कामा नये. कंपनीत धुवा.”

“आपण धुलाई भत्ता देतो ना?” साहेबांचा आवाज नेहमीसारखा गोड. “युनियननं मागितला, आपण दिला. झालं की.”

“तुम्ही विष घरी पाठवता आणि वर साबणाची वडी देता!”

“हे बघ, कपडे धुणं हे प्रॉडक्शन नाही. तू केमिस्ट आहेस. उद्या म्हणशील, मी धोबी होतो.”

“होतो,” बंधू म्हणाला आणि झाला.

नोकरी सोडली त्याने. माझा विश्वास बसला नव्हता, अजून बसत नाही. रोहा-कोलाड रस्त्यावर एक पत्र्याची शेड घेतली. मुंबईतल्या कुठल्याशा बंद पडलेल्या इस्पितळातून ड्रमचं धुलाई मशीन आणलं. ते फिरायला लागलं की कोकण रेल्वेची पहिली गाडी इंजिनियरांच्या आधी रोह्यात पोचली असं लोकांना वाटायचं. त्या मशीनवर पंजा ठेवून तो रोज प्रार्थना करायचा. बाहेर पाटी लावली: ‘कंपनीचे कपडे येथे द्या. घरी नेऊ नका.’ खाली बारीक अक्षरात ‘कृपया’ होतं, ते बहुधा रंगाऱ्याने स्वतःच्या मनाने टाकलं असावं.

शिफ्ट सुटली की तो गेटवर उभा. “काढ, बंधू!”

“अहो, चड्डीवर घरी जाऊ काय?”

“लुंगी घे. काढ!”

बाजारातून ताग्यावर कापड आणून त्याने लुंग्या फाडल्या होत्या. रोह्याच्या रस्त्यावरून संध्याकाळी आम्ही चौकड्यांच्या लुंगीत बसकडे चाललेले, आणि नाक्यावरची पोरं विचारत, “आज कुठल्या लॉजवर धाड पडली?” कपडे धुतलेलं पिवळं पाणी तो नाल्यात सोडायचा नाही. पिंपात भरून टेंपोने परत कंपनीच्या गेटवर आणायचा. वॉचमन आडवा आला की म्हणायचा, “तुमचंच आहे. परत घ्या. तुमच्या सांडपाण्याच्या टाकीत टाका.” वॉचमन वर फोन करायचा, वरचे आणखी वर, तोवर बंधू पिंपावर बसून स्तोत्रं म्हणायचा. बेसूर. शेवटी स्तोत्रं थांबावीत म्हणून पाणी आत घ्यायचे.

आता लोकांचं ऐका. त्याच्या नगरच्या नातेवाइकांनी बोलणं टाकलं. आज्याने कसंबसं अक्षर गिरवून घर वर काढलं आणि हा पोरगा धुणी धुतो! पाळक म्हणाले, “देवाला नाही म्हटलं की माणूस कुठे जाऊन पडतो, बघा.” बंधू त्यांना म्हणाला, “प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले. माझ्या वाट्याला विजारी आल्या. पायाच्या जरा वर गेलो, एवढंच.” आणि युनियनचा पुढारी! आमचा भत्ता लढून मिळवणारा वाघ! तो म्हणाला, “कपडे बाहेर धुतले जातायत असं कंपनीला कळलं तर भत्ता बंद होईल. बंधूला कपडे देऊ नका.” आणि आमच्यातल्या निम्म्यांनी ते ऐकलं. बायकांच्या हातापेक्षा साबणाची वडी मोठी. माझ्याकडे त्यांच्यासाठी फक्त शिव्या होत्या, आणि त्या बंधूसमोर देता येत नव्हत्या.

माझ्या घरात मात्र फरक दिसत होता. बायकोची नखं आधी सुटली, मग बोटं, मग तळवे. पोरीचे ओठ पोरीसारखे झाले. दर रविवारी बंधू यायचा आणि दारातूनच ओरडायचा, “भगिनी! हात!” बायको पीठ मळत असली तरी पिठासकट हात पुढे करायची. तो उजेडात धरून, उलटसुलट करून बघायचा, जकात नाक्यावर माल बघतात तसं. “मनगटाला अजून आहे.”

“बंधूदादा, आता काय साल काढू?” ती म्हणायची.

पण निम्म्या कपड्यांवर शेड चालत नाही. शेड जगायची असेल तर कंपनीचं कंत्राट हवं होतं. सगळ्यांचे कपडे, तिन्ही खात्यांचे, कायमचे. नाहीतर मशीन भंगारात आणि बायका पुन्हा परातीशी. हे त्याला कळत होतं, मला कळत होतं, आणि दुर्दैवाने मोठ्या साहेबांनाही कळत होतं.

त्या वर्षांत परदेशी गिऱ्हाईकं नुकती यायला लागली होती. ती रंग घेण्याआधी कारखाना बघायची, संडास बघायची, कामगाराचे बूट बघायची. अशीच दोन माणसं येणार होती, एक पुरुष आणि एक बाई, आणि त्यांनी आधीच कळवलं होतं की कामगारांचे कपडे कुठे धुतात ते दाखवा. झालं. साहेबांची गाडी बंधूच्या शेडसमोर. चहा मागवला, बंधूच्या खांद्यावर हात ठेवला. मी तिथे कपड्यांचं गाठोडं घेऊन उभा होतो, स्वतःच्या कानाने ऐकलं.

“एक दिवस इथे कंपनीची पाटी लावू. दोरीवर आपले नवे युनिफॉर्म टाकू. तुझे ते डागाळलेले मागच्या गोदामात ठेव. पाहुण्यांनी विचारलं तर हसायचं. तासाभराचा प्रश्न आहे. दुसऱ्या दिवशी कंत्राट तुझं.”

बंधू म्हणाला, “विचारून सांगतो.”

“कुणाला?”

“मालकाला.”

“शेड भाड्याची आहे का?”

“सगळंच भाड्याचं आहे, साहेब.”

साहेब हसत गेले. मी बंधूला हात जोडले. खरंच जोडले. “बंधू, गप्प राहा. एक तास. प्रभू समजून घेईल. हाताकडे बघा ना तिच्या!” त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता तो शब्द येणार. आला नाही. तो मशीनवर पंजा ठेवून उभा राहिला, मशीन बंद असताना. संध्याकाळी घरी जाताना मी बसमधून वाकून बघितलं, तर तसाच.

पाहुणे आले. बंधूने हो-नाही सांगायच्या आधीच साहेबांच्या माणसांनी सगळं सजवून टाकलं होतं. शेडवर कंपनीची पाटी, पाटीला झेंडूचा हार, दोऱ्यांवर कोरे करकरीत निळे युनिफॉर्म, काहींची घडीसुद्धा मोडली नव्हती. साहेब पुढे, साहेबांच्या मागे त्यांचा साडू. हा कुठून आला, तर कंपनीला खुर्च्या-टेबलं पुरवायचा म्हणून नेहमीच असायचा. परदेशी बाई चांगली होती. तिने बाहीला हात लावला आणि बंधूला इंग्रजीत विचारलं, हे रोज धुता का?

बंधूने इंग्रजीत उत्तर दिलं. तेवढं इंग्रजी मलाही कळलं.

“हे एकदाही धुतलेले नाहीत. धुतलेले गोदामात लपवलेत. या, दाखवतो.”

साहेबांचा चेहरा लाल खात्यात गेला, मग निळ्या, मग आमच्या. बंधू पाहुण्यांना गोदामात घेऊन गेला, डाग दाखवले, पिंपं दाखवली, कशाने निघतं आणि कशाने नाही ते सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, निम्मे कपडे अजून घरी जातात, आणि घरात बायका असतात.

साहेबांनी नंतर विचारलं, “तुला कंत्राट नको होतं का?”

“हवं होतं. पण ज्यानं मला कामाला लावलं त्याच्यासमोर कोरा कपडा धुतलेला म्हणून कसा टांगू?”

आता राग आवरून ऐका. पाहुण्यांनी अट घातली. धुलाईघर कंपनीचं, कपडे सगळ्यांचे, नाहीतर माल नको. महिन्याभरात धुलाईघर उभं राहिलं. कंत्राट मिळालं साडूला. साडूला! खुर्च्या विकणाऱ्या साडूला! आणि बंधूचं मशीन, ते इस्पितळातलं, साडूनेच भंगाराच्या भावात उचललं आणि तिथे नेऊन बसवलं. उद्घाटनाला नारळ, पेढे, युनियनच्या पुढाऱ्याचं भाषण. ‘कामगारांच्या लढ्याचा विजय.’ साडूचा फोटो ऑफिसात लागला. पाळक बंधूच्या खोलीवर आले. “बघा, प्रभूनं तुम्हाला धंद्यातून मोकळं केलं. आता तरी सेवेत या.” त्यांच्या मागे दार असं आपटलं की खालच्या बिऱ्हाडाच्या फळीवरची बरणी फुटली.

मी धावत गेलो. माझं डोकं फिरलं होतं. “बंधू, चला, गेटवर बसू. काम बंद पाडू. साडूच्या तोंडाला काळं फासू!”

तो चहा गाळत होता. “कपडे धुतले जातायत का?”

“जातायत.”

“सगळ्यांचे?”

“तिन्ही खात्यांचे. पण...”

“मग तू कशासाठी बोंबलतोयस?”

मी त्या माणसाला त्याआधी शांत पाहिलं नव्हतं. मला ते सहन होईना. जगात एवढा अन्याय व्हावा आणि रागाचा कारखाना नेमका तेव्हाच बंद! मी म्हणालो, “तुम्हाला राग कसा येत नाही?”

त्याने कप माझ्या हातात दिला, माझ्या शर्टाची कॉलर धरली आणि आतली शिवण उलटी केली. शिवणीत पिवळी रेघ होती.

“हे कुठं धुतलं?”

“तिथेच. साडूकडे.”

“बंधू!!”

कप फुटला. तो अनवाणी निघाला. मी मागे. साडूच्या धुलाईघरात शिरून त्याने चालू मशीन बंद केलं, ओले कपडे बाहेर ओढले आणि तिथल्या माणसांना ओरडून ओरडून दाखवलं, बाही उलटी, खिसे बाहेर, कॉलर आधी हाताने. हातमोजे कुठं आहेत तुमचे, बंधू? साडू धावत आला. त्याला वाटलं, मारामारी. बंधूने त्याला विचारलं, “इथं एक माणूस कमी आहे. ठेवता का?”

आणि साडूने ठेवला. पंधरवड्यात सगळं काम बंधू करायचा आणि साडू फोटोतल्यासारखा बसायचा. ज्याने वाट मोकळी केली तो हातमोजे घालून कॉलरी घासतोय आणि ज्याने वाट लुटली तो पंख्याखाली, हे मी रोज बघितलं आणि रोज पेटलो. बंधू मात्र त्या मशीनवर पंजा ठेवून म्हणायचा, “प्रभो, हे मशीन तुझं, ही कॉलर तुझी, तो पंख्याखालचा बंधू तुझाच, मला काही त्याचं समजत नाही.” साडूसमोर. साडू मान खाली घालून आमेन म्हणायचा.

पुढच्या वैशाखात माझ्या बहिणीचं लग्न निघालं. हळदीच्या दिवशी मांडवात ही गर्दी, बॅंजो पार्टी जोरात, नवरीला हळद लावून माझी बायको वळली तोच दारात बंधू. ताडासारखा, हातात आहेराचं पातेलं. त्याची नजर गेली ती तिच्या हातांवर. कोपरापर्यंत पिवळे.

“भगिनी!”

बॅंजो थांबला. एक म्हातारी देवाचं नाव घेऊन खाली बसली.

“अहो बंधूदादा,” बायको हसत सुटली, “लगीन हाय! खरी हळद हाय ती!”

“तेव्हा मलापण हळदच वाटली होती! चुना आणा!”

आईने कनवटीची चुन्याची डबी काढली. कुणीतरी परात आणली, पाणी ओतलं. साऱ्या मांडवाने गोल केला, नवरी एकटी पाटावर राहिली. बायकोने हात पुढे केले, बंधूने ते आपल्या पंज्यात धरून परातीत बुडवले आणि तो वाकून बघत राहिला. मीही बघत होतो. खोटं कशाला बोलू, मीही घाबरलो होतो.

पाणी तांबडं झालं. आधी कडेला, मग सगळी परात.

“झालं का कुंकू?” बायको म्हणाली.

बंधू हात सोडेना. तसाच वाकून, त्या तांबड्या पाण्यात तिचे हात धरून उभा. ओठ हलत होते, आवाज नव्हता. त्या माणसाने बिनआवाजाची प्रार्थना केलेली मी तेवढीच पाहिली.

कंपनीच्या ऑफिसात साडूचा फोटो होता. पुढाऱ्याचा होता, साहेबांचा होता. मी परातीकडे बोट करून लग्नाच्या फोटोवाल्याला म्हणालो, हे काढ. तो कॅमेरा नवरीकडे वळवून म्हणाला, “दादा, रोल मोजका आहे. धुणंभांडं काय काढायचं?”

माझ्या पोटात इतकी वर्षं साठलेलं सगळं एकदम वर आलं. मी छाती भरून घेतली, आणि वडखळच्या नाक्यावरच्या गाड्यांनासुद्धा ऐकू जाईल असा ओरडलो,

“बंधू! काढ!”